हातातला मीटर एक सांगतो, कॅमेरा दुसरेच: रीडिंग कसे जुळवावे

वाड्याच्या चौकात, उन्हापासून दूर, पांढरी सुती साडी नेसलेल्या आजी उभ्या आहेत आणि आपण त्यांचा फोटो काढणार आहोत. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ ठेवले की कॅमेरा शटर १/२५० सेकंद ठेवायला सांगतो. मग आजींच्या हनुवटीपाशी हातातला, प्रकाश मोजणारा मीटर धरून, त्याचा पांढरा घुमट लेन्सकडे वळवून रीडिंग घेतले, तर १/८० येते. फरक एक स्टॉप आणि वर दोन तृतीयांश; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. कॅमेऱ्याचे ऐकले तर साडी राखाडी दिसेल आणि चेहरा काळवंडेल. हातातल्या मीटरचे ऐकले तर साडी पांढरी राहील आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जशाच्या तशा दिसतील. नवा मीटर घेतलेल्या माणसाला मात्र हा फरक पाहून पहिली शंका येते ती मीटर बिघडलेला असल्याची, आणि तो दुकानाची पावती शोधू लागतो.

या प्रसंगात कोणतेही उपकरण बिघडलेले नाही, कारण दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. आजींच्या अंगावर किती प्रकाश पडतो आहे, हे हातातला मीटर घुमट लावलेला असताना मोजतो. त्याला आपाती प्रकाशाचे मापन म्हणतात. आजींच्या अंगावरून, साडीवरून आणि मागच्या भिंतीवरून उलटून लेन्सपर्यंत किती प्रकाश येतो आहे, हे कॅमेरा मोजतो. ते परावर्तित प्रकाशाचे मापन. आजींनी पांढऱ्याऐवजी काळी चंद्रकळा नेसली असती, तरी पडणारा प्रकाश तेवढाच राहिला असता आणि हातातल्या मीटरचे रीडिंग बदलले नसते. कॅमेऱ्याचे मात्र उलट दिशेला गेले असते.

कॅमेऱ्याला समोरची वस्तू पांढरी आहे की काळी हे कळण्याचे साधन नसल्यामुळे तो एक गृहीत धरून चालतो, ते असे की समोरच्या दृश्यातून सरासरी मध्यम राखाडी रंगाइतका प्रकाश परत येतो आहे. पांढरी भिंत असो की वेरूळच्या कैलास लेण्याचा काळा पाषाण, परावर्तित मापन दोघांनाही त्याच राखाडीवर आणून ठेवते. म्हणूनच वेरूळला कॅमेऱ्याच्या भरवशावर काढलेल्या फोटोंत दगड धुरकट दिसतो आणि वर आभाळ पार उडून जाते. तिथे एक स्टॉप कमी करावा हे अनुभवाने कळते, पण ते का करावे हे गृहीतकातून कळते. अलीकडच्या कॅमेऱ्यांतले बहुखंडी मापन, ज्याची सुरुवात १९८३ साली निकॉन एफए या कॅमेऱ्यापासून झाली, चौकटीचे तुकडे पाडून, चेहरा आणि फोकसचा बिंदू ओळखून अधिक शहाणा अंदाज बांधते. पण तो अंदाजच असतो, आणि तो कसा बांधला हे कॅमेरा आपल्याला सांगत नाही.

या सगळ्यातून कामाचा एक नियम निघतो, आणि पुढची सारी पद्धत त्यावर उभी आहे. दोन मीटरांमधला जो फरक दृश्य कोणतेही असले तरी तेवढाच राहतो, तो उपकरणांचा फरक. तो एकदा मोजावा, मीटरमध्ये भरावा आणि विसरून जावा. जो फरक दृश्यागणिक बदलतो, तो दृश्याचा. तो कधीही दुरुस्त करू नये, कारण समोरची वस्तू मध्यम राखाडीपेक्षा किती उजळ किंवा गडद आहे याची तीच तर माहिती आहे. लोकांची गफलत होते ती इथेच: एखाद्या लग्नातल्या पांढऱ्या शेरवानीवर दोन मीटर जुळवून घेतात आणि तीच दुरुस्ती घेऊन दुसऱ्या दिवशी काळ्या कोटाचा फोटो काढायला बसतात.

तपासणीची तयारी

उपकरणांचा फरक मोजायचा असेल, तर दृश्याचा फरक आधी शून्यावर आणावा लागतो, म्हणजे दोन्ही मीटरांना एकाच पृष्ठभागाकडे एकाच दिशेने आणि एकाच प्रकारे बघायला लावावे लागते. त्यासाठी प्रथम दोघांवरचे आयएसओ १०० करावे आणि कॅमेऱ्यातला ऑटो आयएसओ बंद करावा. कॅमेऱ्यावरचे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने सुचवलेल्या प्रकाशात मुद्दाम केलेली वाढ-घट, शून्यावर आहे ना, हे डायल फिरवून पाहावे, नुसते आठवून नव्हे. हातातल्या मीटरमध्येही फिल्टरसाठी किंवा कॅलिब्रेशनसाठी पूर्वी कोणी भरलेली दुरुस्ती असू शकते, आणि जुना वापरलेला मीटर घेतला असेल तर ती हमखास तपासावी. सावल्या आपोआप उजळवणारी किंवा हायलाइट वाचवणारी जी सोय कॅमेऱ्यात असते, तीही बंद करावी, कारण काही कॅमेऱ्यांत ती गुपचूप एक्स्पोजर बदलते.

पृष्ठभाग म्हणून मॅट रंगाची, एकाच छटेची भिंत उत्तम. ऑइल पेंटची भिंत नको. तिच्या चकाकीमुळे पाऊलभर सरकले तरी रीडिंग हलते. या चाचणीसाठी भिंत कोणत्या रंगाची आहे याला महत्त्व नाही, कारण दोन्ही मीटर तीच भिंत पाहणार आहेत, पण भडक रंग टाळावा. मीटरमध्ये प्रकाश टिपणाऱ्या निरनिराळ्या प्रकाशघटांची लाल-निळ्या रंगांना दाद वेगवेगळी असते, आणि गेरूच्या रंगाच्या भिंतीवर आलेला फरक पांढऱ्या भिंतीवर येईलच असे नाही. प्रकाश सारखा पडलेला असावा. उत्तरेकडच्या खिडकीचा दिवसाचा उजेड किंवा पूर्ण ढगाळ आभाळ सगळ्यात भरवशाचे. ऊन-सावलीचा खेळ चालू असलेला श्रावणातला दिवस या कामासाठी मुळीच नको, कारण एक रीडिंग घेऊन दुसऱ्याकडे वळेपर्यंत पडणारा प्रकाश दोन स्टॉपने बदललेला असतो आणि आपण मीटरला दोष देत बसतो.

घरातल्या एलईडी दिव्यांविषयी वेगळे सांगायला हवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण मीटर नेमका कोणत्या क्षणी किती वेळ पाहतो यावर त्याचे रीडिंग हलू शकते. अशा दिव्यांखाली काम करणे भागच असेल, तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे, तीन-चार रीडिंगे घ्यावीत आणि मधले धरावे. कॅलिब्रेशन मात्र या दिव्यांखाली करू नये.

भिंतीसमोरची पाच मिनिटे

कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा आणि लेन्सवरचा प्रत्येक फिल्टर काढावा, यूव्ही फिल्टरसुद्धा. झूमपेक्षा ५० मिमीसारखी साधी लेन्स बरी. मोड मॅन्युअल, मापन स्पॉट (चौकटीतल्या लहानशा टिपक्यापुरते), अॅपर्चर एफ/८. लेन्सचा फोकस अनंतावर नेऊन ठेवावा. भिंत धूसर दिसेल, आणि तेच हवे आहे, कारण त्यामुळे भिंतीचा खडबडीतपणा मापनात येत नाही, आणि जवळच्या फोकसमुळे लेन्स पुढे सरकून प्रकाश थोडा घटतो तेही टळते. भिंतीला काटकोनात उभे राहावे आणि आपली किंवा कॅमेऱ्याची सावली चौकटीत येत नाही हे पाहावे.

आरशाचा, म्हणजे डीएसएलआर कॅमेरा असेल तर व्ह्यूफाइंडर झाकण्यास विसरू नये. या कॅमेऱ्यांत मीटरचा प्रकाशघट व्ह्यूफाइंडरच्या वाटेवरच बसवलेला असतो. आपण डोळा लावून पाहतो तेव्हा मागचा उजेड अडतो. ट्रायपॉडवर लावून बाजूला उभे राहिलो की मागून शिरणारा उजेड मीटरला मिळतो, दृश्य आहे त्यापेक्षा उजळ वाटते आणि फोटो अंडर, म्हणजे गडद, जातो. कॅनॉनच्या अनेक पट्ट्यांवर जो रबराचा चौकोनी तुकडा दिसतो, तो याच कामाचा असतो, आणि बहुतेकांनी तो कधी वापरलेला नसतो. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरूनच मोजत असल्याने त्याला ही अडचण नाही.

आता हातातला मीटर परावर्तित मापनावर न्यावा. स्पॉट मीटर असेल, तर तो एक अंशाच्या टिपक्यातून पाहतो, म्हणून कॅमेऱ्याशेजारी, लेन्सच्या उंचीवर धरून भिंतीच्या त्याच जागेवर रोखावा. साध्या मीटरांत घुमट सरकवून किंवा छोटी भिंगाची टोपी लावून परावर्तित मापन होते. त्यांचा पाहण्याचा कोन ३० ते ४० अंशांचा असतो, म्हणून ते कॅमेऱ्यापाशी धरून चालत नाही. भिंतीजवळ जावे, पण आपली सावली पडेल इतके जवळ नाही. अंगात लाल किंवा झगझगीत पिवळा सदरा असेल तर हात लांब करून मीटर धरावा. कपड्याचा रंग भिंतीवर पडतो, आणि पांढऱ्या भिंतीवर तो लगेच दिसतो.

दोन्ही रीडिंगे कागदावर लिहावीत. मीटर दशांश स्टॉपमध्ये सांगत असेल आणि कॅमेरा एक तृतीयांशाच्या पायऱ्यांनी, तर कॅमेऱ्याची खूण शून्यावर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. शटर एकेक पायरी हलवून ती खूण कोठे शून्यावर येते आणि कोठे सुटते हे पाहिले, की खरी किंमत मधोमध सापडते. हेच सगळे तीन निरनिराळ्या उजेडांत करावे: बाहेरच्या लख्ख सावलीत, खिडकीपाशी, आणि संध्याकाळच्या मंद खोलीत. एकाच उजेडातल्या रीडिंगवरून निष्कर्ष काढणे म्हणजे एका शितावरून भाताची नव्हे, सगळ्या पंगतीची परीक्षा करणे.

आकडे काय सांगतात

तीनही उजेडांत फरक एक तृतीयांश स्टॉपच्या आत असेल, तर दोन्ही मीटर ठीक आहेत, आणि चाचणी इथे संपवून चहा प्यायला हरकत नाही. एवढा फरक कारखान्यातून निघतानाच ठरलेला असतो. परावर्तित मापनाच्या सूत्रात के नावाचा एक स्थिरांक असतो, आणि त्याची किंमत सगळे एकच धरत नाहीत: सेकोनिक, कॅनॉन आणि निकॉन १२.५ धरतात, तर मिनोल्टा आणि पेंटॅक्स १४. या दोहोंमुळेच सुमारे एक षष्ठांश स्टॉपचा फरक पडतो, तोही दोन्ही उपकरणे आपापल्या जागी अचूक असताना. आयएसओ २७२० या १९७४ च्या मानकाने अशा मोकळिकीला जागा ठेवली आहे.

दुसरे कारण काचेत आहे. एफ/८ हा आकडा लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येतो. तो निव्वळ भूमितीचा आकडा आहे आणि काचेने वाटेत किती प्रकाश गिळला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सिनेमाच्या लेन्सवर त्यासाठीच टी-स्टॉप, म्हणजे ही घट धरून काढलेला आकडा, छापलेला असतो. दहा-पंधरा काचा असलेल्या झूममध्ये एक तृतीयांश ते अर्धा स्टॉप प्रकाश वाटेतच हरवू शकतो. कॅमेऱ्यातला मीटर काचेच्या मागे बसलेला असल्याने ही घट त्याच्या रीडिंगमध्ये आपोआप येते. हातातल्या मीटरला तिची वार्ताही नसते. म्हणून एका लेन्सवर दोन्ही मीटर जुळतात आणि दुसऱ्या लेन्सवर जुळत नाहीत, असे झाले तर चकित होऊ नये. लेन्समधून मोजण्याची ही सोय बाजारात आणणारा पहिला आरशाचा (एसएलआर) कॅमेरा म्हणजे १९६३ चा टॉपकॉन आरई सुपर. त्याआधी प्रत्येक फोटोग्राफरला हा हिशेब डोक्यात ठेवावा लागे.

फरक एक तृतीयांशाहून मोठा पण तीनही उजेडांत सारखा असेल, तर तो निव्वळ कॅलिब्रेशनचा प्रश्न आहे आणि खाली सांगितल्याप्रमाणे सुटतो. खरी काळजी करावी ती फरक उजेडाप्रमाणे बदलत असेल तेव्हा. माझ्याकडे कॅडमियम सल्फाइडच्या घटाचा एक जुना मीटर होता, १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर चालणारा. पाऱ्यामुळे ते सेल बाजारातून गेले, तेव्हा दुकानदाराने त्याच मापाचे १.५ व्होल्टचे अल्कलाइन सेल बसवून दिले आणि मीही ते समाधानाने घेतले. उन्हात तो अर्धा स्टॉप चुकत होता, घरात एकाहून जास्त, आणि दोन्हीकडे उजेड आहे त्यापेक्षा अधिक दाखवत होता. हे मला कळले ते स्लाइड फिल्मचा अख्खा रोल धुऊन आल्यावर, ज्यात देवघराच्या फोटोंमध्ये समईच्या ज्योतीपलीकडे काहीच दिसत नव्हते. अशा मीटरला कॅलिब्रेशनचा स्क्रू पिळून उपयोग होत नाही. एका उजेडात जुळवले की दुसऱ्यात बिघडते. श्रवणयंत्रात वापरतात ते ६७५ क्रमांकाचे झिंक-एअर सेल एक कडे घालून बसवले तर व्होल्टेज जवळपास मूळचे मिळते, फक्त ते सेल काही आठवड्यांत किंवा महिन्या-दोन महिन्यांत उतरतात. सेलेनियमच्या मीटरांना सेल लागतच नाही, पण वय झाले की घटच क्षीण होतो, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

ग्रे कार्डावर अर्धा स्टॉप कोठे जातो

भिंतीसमोर दोन्ही मीटर जुळले, की पुष्कळजण समाधानाने १८ टक्क्यांचे ग्रे कार्ड, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत करणारे राखाडी कार्ड, काढतात, कॅमेऱ्याने ते मोजतात, मग मीटरला घुमट लावून कार्डासमोर धरतात, आणि पुन्हा अर्ध्या स्टॉपचा फरक पाहून हताश होतात. हा फरक यायलाच हवा. आपाती मापनाच्या सूत्रातही सी नावाचा स्थिरांक असतो. सपाट चकतीसाठी तो साधारण २५० आणि घुमटासाठी ३३० किंवा ३४० धरतात. के आणि सी या दोन्ही किमती मांडून हिशेब केला, तर दोन पद्धती ज्या पृष्ठभागावर अगदी एकच उत्तर देतील, तो घुमटासाठी सुमारे १२ टक्के प्रकाश परत करणारा निघतो, १८ टक्के नव्हे. १८ टक्क्यांचे कार्ड त्याहून अर्ध्या स्टॉपने उजळ आहे, म्हणून कार्ड पाहून कॅमेरा घुमटाच्या रीडिंगपेक्षा अर्धा स्टॉप कमी एक्स्पोजर सांगतो. कोडॅकच्या ग्रे कार्डाबरोबरच्या सूचनांमध्ये, साधारण विषयांसाठी कार्डावरच्या रीडिंगपेक्षा अर्धा स्टॉप वाढवा, असे छापलेले असे. कार्ड सगळ्यांनी विकत घेतले आणि सूचनेचा कागद फेकून दिला, असेच म्हणावे लागेल.

कार्ड धरण्याचा कोनही महत्त्वाचा. कार्डाचा चेहरा दिवा आणि कॅमेरा यांच्या साधारण मधल्या दिशेला वळवावा, आणि लेन्सच्या जागेवरून पाहून त्यावर कोठे पांढुरकी झळ दिसते का ते तपासावे. हाताळून गुळगुळीत झालेल्या कार्डावर अशी झळ आली, की रीडिंग एक तृतीयांश स्टॉपने सहज सरकते.

घुमट धरावा कसा

आपाती मापनातल्या बहुतेक चुका यंत्राच्या नसून मनगटाच्या असतात. गोलार्धाच्या आकाराचा घुमट ही अमेरिकेतल्या डॉन नॉरवूड यांची कल्पना; १९४० च्या सुमारास तिचे पेटंट झाले. चेहऱ्यासारख्या गोलाकार वस्तूच्या कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या भागावर पडणारा सगळा प्रकाश, उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू धरून, त्यात एकत्र मोजला जातो. म्हणून घुमट विषयाच्या जागी धरावा आणि लेन्सकडे वळवावा. दिव्याकडे वळवला तर सावलीची बाजू मापनातून निसटते आणि चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात जातो. विषयाला पाठीमागून ऊन असेल, तेव्हा आपला हात किंवा डोके घुमटावर पडणारा समोरचा उजेड अडवत नाही ना, हे विशेष पाहावे.

ज्या मीटरांत घुमट आत दाबता येतो, त्यांत तो कोणत्या अवस्थेत आहे ते प्रत्येक वेळी बोटाने चाचपून पाहावे. पिशवीत टाकताना तो नकळत फिरतो. आत दाबलेला घुमट सपाट चकतीसारखा वागतो. भिंतीवरच्या चित्राची किंवा जुन्या कागदपत्रांची प्रत काढायची असेल, तेव्हा तोच हवा: मीटर चित्राच्या पृष्ठभागाला समांतर टेकवून मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत रीडिंग घ्यावे, आणि ती पाचही रीडिंगे दोन दशांश स्टॉपच्या आत येईपर्यंत दिवे हलवत राहावे. स्टुडिओत मुख्य दिवा आणि भरणीचा दिवा यांचे प्रमाण पाहायचे असेल तरी घुमट आत दाबून, एकेका दिव्याकडे वळवून मोजावे.

शेवटचा शब्द चित्राचा

इथपर्यंत आपण मीटरला मीटरशी जुळवले. फोटोशी अजून जुळवलेले नाही, आणि ते केल्याखेरीज दुरुस्तीचा आकडा ठरवू नये. डिजिटल कॅमेऱ्यांच्या आयएसओचे १२२३२ क्रमांकाचे मानक उत्पादकाला आकडा ठरवण्याच्या एकाहून अधिक रीती देते, आणि त्यांपैकी एका रीतीत तर योग्य एक्स्पोजर कोणते हे उत्पादक स्वतःच ठरवतो. त्यामुळे आयएसओ १०० लिहिलेले दोन कॅमेरे एकाच शटरवर आणि एकाच अॅपर्चरवर कमी-अधिक उजळ चित्रे देऊ शकतात.

चाचणी साधी आहे. खिडकीच्या सारख्या उजेडात एका माणसाला बसवावे, त्याच्या खांद्यावर पांढरा टर्किश टॉवेल ठेवावा आणि हातात ग्रे कार्ड द्यावे. घुमटाने मोजून आलेल्या एक्स्पोजरवर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) एक फोटो काढावा, मग शटरने एक तृतीयांशाच्या पायऱ्यांनी वर तीन आणि खाली तीन. संगणकावर हे सातही फोटो कोणतीही आपोआप सुधारणा न लावता उघडावेत. ज्या फोटोत टॉवेलचे धागे मोजता येतील इतके शाबूत आहेत, चेहरा ओळखीचा आणि नैसर्गिक वाटतो आहे, आणि कार्ड मधल्या राखाडीच्या आसपास आहे, तो आपला फोटो. एसआरजीबी रंगपटात १८ टक्क्यांची राखाडी हिशेबाने ११८ च्या आसपास येते. पण प्रत्येक सॉफ्टवेअर आपली वक्ररेषा लावून हा आकडा हलवते, म्हणून मी टॉवेलावर जास्त विश्वास ठेवतो. त्यावरचे लूप नाहीसे होऊन नुसता पांढरा डाग उरला, की एक्स्पोजर ओव्हर गेले, यात वाद राहत नाही.

निवडलेला फोटो मीटरच्या सांगण्याहून जितका दूर, तितकी दुरुस्ती. बऱ्याच डिजिटल मीटरांत ती एक दशांश स्टॉपच्या पायरीने भरता येते. अधिकची खूण आणि उणेची खूण यांचा अर्थ मात्र मीटरच्या पुस्तिकेत वाचूनच दुरुस्ती भरावी, कारण उलटी भरली की चूक दुप्पट होते. जुन्या काट्याच्या मीटरात अशी सोय नसेल, तर आयएसओच्या डायलने काम भागते: एक तृतीयांश स्टॉप वाढवायचा असेल तर १०० ऐवजी ८०, दोन तृतीयांशासाठी ६४. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आतल्या मीटरलाही एक षष्ठांश पायरीने कायमची दुरुस्ती देता येते, पण तिला हात न लावलेला बरा, कारण ती पडद्यावर कोठे दिसत नाही आणि सहा महिन्यांनी आपण ती केली होती हे आपल्यालाच आठवत नाही.

प्रत्यक्ष कामात

जुळवलेला मीटर घेऊन बाहेर पडले, तरी काही ठिकाणी हातातल्या मीटरला आपण मदत करावीच लागते, कारण लेन्सच्या पुढे-मागे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. त्याच्या डबीवरच्या आकड्यापेक्षा, कॅमेरा भिंतीकडे लावून फिल्टरसह आणि फिल्टरविना रीडिंग घ्यावे आणि तो फरक मीटरमध्ये भरावा. डीएसएलआर आणि ऑटोफोकसच्या फिल्म कॅमेऱ्यावर मात्र पोलरायझर सर्क्युलरच हवा. जुन्या लिनियर पोलरायझरमुळे आतला अर्धपारदर्शक आरसा गोंधळतो, कॅमेऱ्याचा मीटरच चुकतो, आणि तेव्हा दोघांतला खोटा हातातला नसतो.

मॅक्रोमध्ये, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपताना, हा हिशेब आणखी ठळक होतो. लेन्स पुढे सरकत जाते तसा सेन्सरवरचा प्रकाश घटतो: विषय सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचा दिसत असेल तर एका स्टॉपहून थोडा जास्त, आणि प्रत्यक्षाएवढाच दिसत असेल तर पुरे दोन स्टॉप. कॅमेरा हे मोजून घेतो. हातातला मीटर मोजत नाही, म्हणून रीडिंगमध्ये तेवढी भर आपण घालायची.

घाटमाथ्यावरून दरीचा फोटो काढताना आपण उन्हात असतो आणि दरी सावलीत, किंवा उलट. आपाती मापन तेव्हाच खरे, जेव्हा मीटरवर आणि विषयावर एकच प्रकाश पडतो. समोरचा डोंगर आपल्यासारखाच उन्हात असेल तर मीटर जागीच धरून, घुमट डोंगरापासून आपल्याकडे येणाऱ्या रेषेत वळवून मोजता येते; नसेल तर घुमट मिटून स्पॉट मापन करावे. आकाशकंदील, पणत्या, मावळता सूर्य, दुकानाची रोषणाई अशा स्वतः उजळणाऱ्या गोष्टींसमोर तर घुमट निरुपयोगीच आहे. आकाशकंदिलाच्या कागदावर बाहेरून किती प्रकाश पडतो हे मोजून काय मिळणार? तिथे कॅमेऱ्याचा स्पॉट कंदिलाच्या कागदावर रोखावा आणि तो कागद राखाडी न दिसता झळकताना दिसावा म्हणून एक ते दीड स्टॉप वाढवावा. स्टुडिओतल्या फ्लॅशच्या बाबतीत याच्या उलट: दिवा लागायच्या आधीचे कॅमेऱ्याचे रीडिंग काहीच सांगत नाही, आणि फ्लॅश मोजणाऱ्या हातातल्या मीटरला पर्याय म्हणजे चाचणीचे फोटो काढत बसणे.

माझ्या मीटरच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर प्रत्येक लेन्सपुढे एकेक आकडा आहे: ५० मिमीपुढे शून्य, मोठ्या झूमपुढे एक तृतीयांश, मॅक्रो लेन्सपुढे दोन अंतरांसाठी दोन आकडे, आणि पोलरायझरपुढे एक आणि दोन तृतीयांश. खाली चाचणीची तारीख आहे. मीटर हातातून पडला, सेल बदलले किंवा नवा कॅमेरा आला, की ती भिंत पुन्हा गाठायची आणि नवी चिठ्ठी लिहायची.